वाचकांचे प्रश्न : पॉवर बीआयची परीक्षा आणि टॉवेलचं बिलबुक

सर्टिफिकेट परीक्षांबद्दल सोलापूर शहर आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या, डेटाचे रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या पीएल-३०० या परीक्षेबद्दल आहेत. त्यांतली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : बी.कॉम. झालं आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात बिलं आणि स्टॉक एक्सेलवर सांभाळतो. टॅब्लो शिकू की पॉवर बीआय? परीक्षेला किती दिवस लागतील? (एक वाचक, अशोक चौक)

रोज एक्सेलमध्ये असाल तर पॉवर बीआय घ्या. त्यातली डेटा साफ करायची पॉवर क्वेरी एक्सेलच्या डेटा टॅबमध्येही असते, म्हणजे अर्धं सामान ओळखीचं आहे. टॅब्लो (त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर) उत्तम आहे, पण तो जिथे वापरतात अशा कंपनीत जायचं ठरलं असेल तेव्हा शिका.

परीक्षेला १०० मिनिटं मिळतात आणि १००० पैकी ७०० गुण लागतात. हे गुण मोजपट्टीवर बसवलेले असतात, त्यामुळे ‘७० टक्के प्रश्न बरोबर आले की झालं’ असा हिशेब करू नका. डेटा तयार करणं, मॉडेल बांधणं (टेबलं एकमेकांना जोडणं) आणि रिपोर्ट व विश्लेषण या तीन भागांना प्रत्येकी २५ ते ३० टक्के वजन आहे. उरलेले १५ ते २० टक्के पॉवर बीआय सांभाळणं आणि सुरक्षित ठेवणं यासाठी आहेत. नोकरी करून रोज दीड तास दिलात तर आठ ते दहा आठवडे धरा. त्यातले निम्मे पहिल्या दोन भागांवर घाला. बहुतेक जण उलटं करतात, महिनाभर चार्टचे रंग लावत बसतात.

पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. रिपोर्ट इतरांना दाखवायच्या ऑनलाइन सर्व्हिसला मात्र ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो, जीमेलवर खातं उघडत नाही. ही सोय पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा, कारण शेवटचा भाग सर्व्हिसमध्ये हात घातल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : क्लासमधली सरावाची फाइल अगदी स्वच्छ होती. सराव परीक्षेत मात्र ‘ही एरर का आली’ असेच प्रश्न येतात. सराव कशावर करू? (एक वाचक, बार्शी)

आपल्याच दुकानाच्या बिलबुकावर करा. वर्षभराची बिलं एका शीटमध्ये घ्या : तारीख, ग्राहक, तालुका, माल, नग, दर. फोन नंबर काढून टाका, नावांच्या जागी क्रमांक घाला. परीक्षेला लागतात ते बहुतेक घोटाळे त्यात आयतेच सापडतील.

तारखेपासून सुरुवात करा. ०५/०४/२०२५ म्हणजे आपल्यासाठी ५ एप्रिल. फाइलचं लोकेल (तारीख लिहायची देशाची पद्धत) अमेरिकेचं असेल तर पॉवर क्वेरी त्याला ४ मे समजते, आणि एररही देत नाही. १३/०४/२०२५ ला मात्र एरर येते, कारण तेरावा महिना नाही. म्हणजे १ ते १२ तारखांची बिलं गुपचूप भलत्या महिन्यात जातात आणि १३ पासून पुढची लाल होतात. इथे ‘रिमूव्ह एरर्स’ दाबलंत तर निम्म्याहून जास्त महिना गेला आणि उरलेला चुकीचा. बरोबर उपाय असा : कॉलमच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करा, ‘युजिंग लोकेल’ निवडा, प्रकार ‘डेट’ आणि लोकेल ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवा. तारखेचा प्रकार आधीच आपोआप बदललेला असेल तर ‘रिप्लेस करंट’ की नवी स्टेप, असं विचारलं जाईल. ‘रिप्लेस करंट’ घ्या. नवी स्टेप घेतलीत तर ती आधीच बिघडलेल्या तारखेवर चालेल.

दुसरा घोटाळा तालुक्यांच्या नावांचा. इंग्रजी अक्षरांत कुणी बार्शी सगळं कॅपिटलमध्ये लिहितं, कुणी फक्त पहिलं अक्षर मोठं काढतं. पॉवर क्वेरीला ही दोन वेगळी नावं वाटतात, त्यामुळे ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ केल्यावर दोन्ही उरतात. मॉडेल मात्र लहानमोठ्या अक्षरांत फरक करत नाही. तिथे तालुका टेबलात बार्शी दोनदा दिसते आणि एकास-अनेक रिलेशनशिप (तालुक्याची एक ओळ, बिलांच्या अनेक) जोडायला गेलं की डुप्लिकेटची तक्रार येते. आधी ‘ट्रिम’, मग ‘कॅपिटलाइझ इच वर्ड’, त्यानंतर डुप्लिकेट काढणं, हा क्रम ठेवा. जिल्ह्यात तालुके अकरा, तेव्हा टेबलातही बरोबर अकरा ओळी उरायला हव्यात. बारा उरल्या तर कुठेतरी मंगळवेढ्याचं स्पेलिंग दोन तऱ्हेचं आहे.

कॉलम क्वालिटीच्या पट्टीत ‘एरर ० टक्के’ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ती पट्टी एरवी पहिल्या १००० ओळीच तपासते. खालच्या स्टेटस बारवर क्लिक करून पूर्ण डेटासेट निवडा. हा बारीक मुद्दा परीक्षेत विचारण्याजोगा आहे. आणि स्टॉकच्या शीटमध्ये एप्रिल, मे, जून असे आडवे कॉलम असतील तर मालाचा कॉलम निवडून ‘अनपिव्हट अदर कॉलम्स’ करा. महिने उभ्या ओळींत येतात आणि पुढच्या महिन्याचा कॉलम आला तरी तो आपोआप सामावतो.

प्रश्न : टॉवेलचा सरासरी दर रिपोर्टमध्ये १९५ येतो, मालकांच्या हिशेबात १५८. कोण चुकतंय? डॅक्समध्ये (पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेत) सगळ्यात जास्त अडतो. (एक वाचक, जुळे सोलापूर)

मालक बरोबर आहेत. समजा दोनच ओळी आहेत : १०० टॉवेल १५० रुपयांनी, १० टॉवेल २४० रुपयांनी. दराच्या कॉलमवर ‘ॲव्हरेज’ लावलं की १५० आणि २४० ची सरासरी १९५ येते. १० नगांनाही १०० नगांइतकंच वजन मिळालं. खरी विक्री १५,००० अधिक २,४०० म्हणजे १७,४०० रुपये, नग ११०, दर १५८ रुपये १८ पैसे.

यासाठी मेजर (रिपोर्टमध्ये मोजलं जाणारं सूत्र) लिहायचं : ‘सम-एक्स’ने ओळीओळीला नग गुणिले दर करून बेरीज घ्यायची आणि ‘डिव्हाइड’ने तिला नगांच्या बेरजेने भागायचं. साध्या भागाकाराच्या चिन्हापेक्षा ‘डिव्हाइड’ बरं, कारण नग शून्य असलेल्या महिन्यात ते ‘एनएएन’ (नॉट अ नंबर) न दाखवता जागा रिकामी सोडतं. जोडीला दराच्या कॉलमचं समरायझेशन ‘डोन्ट समराइझ’ करून ठेवा, नाहीतर कुणीतरी तो कॉलम ओढून दरांची बेरीज करणारच.

टेबलाच्या टोटल ओळीतला आकडा वरच्या ओळींची बेरीज नसतो. तेच मेजर, त्या ओळीचा फिल्टर काढून, पुन्हा मोजलेलं असतं. एवढं पक्कं बसलं तर डॅक्सचे निम्मे प्रश्न सुटतात. उरलेल्यांत ‘ऑल’ आणि ‘ऑल-सिलेक्टेड’ची जोडी हमखास असते. जिल्ह्याची विक्री २० लाख, त्यात बार्शी ३ लाख आणि पंढरपूर २ लाख धरा. स्लायसरवर (रिपोर्टमधल्या निवडीच्या चौकटीत) हे दोनच तालुके निवडलेत. टक्केवारीच्या छेदात ‘कॅल्क्युलेट’ आणि तालुका कॉलमवर ‘ऑल’ असेल तर १५ आणि १० टक्के येतात, टोटल २५. ‘ऑल-सिलेक्टेड’ असेल तर ६० आणि ४०, टोटल १००. प्रश्नात ‘निवडलेल्या तालुक्यांत वाटा’ म्हटलंय की ‘जिल्ह्यात वाटा’, हे दोनदा वाचा.

आपल्याकडे आणखी एक फट असते. वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणाऱ्या ‘टोटल-वायटीडी’ला वर्ष ३१ मार्चला संपतं असं सांगितलं नाही तर ते १ जानेवारीला शून्यापासून मोजू लागतं. तारखांचं वेगळं टेबल करा, १ एप्रिल ते ३१ मार्च, सुटीचे दिवससुद्धा गाळायचे नाहीत, आणि ते ‘मार्क ॲज डेट टेबल’ करा. बिलाची तारीख आणि माल पाठवल्याची तारीख असे दोन कॉलम असतील तर एकच रिलेशनशिप चालू राहते, दुसरी त्या मेजरपुरती ‘यूज-रिलेशनशिप’ने जागी करायची.

प्रश्न : पहिल्या प्रयत्नात ६६० गुण. सुरक्षिततेच्या भागात सगळ्यात कमी. लगेच पुन्हा देऊ का? (एक वाचक, होटगी रोड)

पहिल्यांदा नापास झाल्यावर २४ तासांनी पुन्हा बसता येतं. त्यानंतरच्या प्रत्येक प्रयत्नाआधी १४ दिवसांचं अंतर लागतं आणि वर्षात जास्तीत जास्त पाच प्रयत्न. दोन आठवडे थांबून बसा.

या भागात रो-लेव्हल सिक्युरिटीचा (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचा) सापळा ठरलेला आहे. रोल आणि त्याचा फिल्टर डेस्कटॉपमध्ये बनतो, माणसं सर्व्हिसमध्ये जोडायची. पंढरपूरच्या विक्रेत्याला फक्त पंढरपूरच दिसावं म्हणून रोल केलात, पण वर्कस्पेसमध्ये (सर्व्हिसमधल्या सामायिक जागेत) त्याला ‘कॉन्ट्रिब्युटर’ केलंत तर त्याला पूर्ण जिल्हा दिसेल. ॲडमिन, मेंबर आणि कॉन्ट्रिब्युटर या तिघांना हा फिल्टर लागत नाही, ‘व्ह्यूअर’लाच लागतो. तसंच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची फाइल रोज आपोआप ताजी व्हायला हवी असेल तर गेटवे (तो कॉम्प्युटर सर्व्हिसला जोडणारा प्रोग्राम) बसवावा लागतो. प्रो लायसन्सवर दिवसाला आठ ठरावीक रिफ्रेश मिळतात, प्रीमियमवर ४८.

प्रश्न : घरून परीक्षा देणार आहे. लाईट गेली तर? आणि परीक्षेत पुस्तक उघडता येतं, हे खरं का? (एक वाचक, सात रस्ता)

पुस्तक नाही, मायक्रोसॉफ्ट लर्नची साइट परीक्षेच्या पडद्यातच उघडता येते. वेळ मात्र चालूच राहते. एखाद्या फंक्शनचा नेमका क्रम किंवा आकडा बघायला ती ठीक, पहिल्यापासून विषय समजून घ्यायला नाही. दोन-तीनदापेक्षा जास्त उघडावी लागली तर शेवटचे प्रश्न राहतील. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. केस स्टडीचा (एका कंपनीच्या माहितीवरच्या प्रश्नांचा) भाग एकदा सोडला की मागे जाता येत नाही, उत्तरं तिथेच तपासून पुढे व्हा.

घरून द्यायची असेल तर सिस्टिम टेस्ट त्याच लॅपटॉपवर, त्याच नेटवर आणि त्याच वेळेला करा. ऑफिसचा लॅपटॉप नको, त्याचं व्हीपीएन आणि फायरवॉल आडवे येतात. लॅपटॉप पूर्ण चार्ज, राउटर छोट्या यूपीएसवर, दुसरा मॉनिटर काढलेला, फोन हाताबाहेर. चेक-इन अर्धा तास आधी सुरू होतं, त्यात खोलीचे फोटो मागतात. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर आतापासून मोडा, निरीक्षक टोकतो. खोलीत कुणी डोकावलं तरी परीक्षा थांबू शकते, हे घरात आधीच सांगून ठेवा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या मार्गावर राहत असाल तर जानेवारीत त्या आठवड्यातली तारीख घेऊ नका.

नावाकडे नीट बघा. आपल्याकडे कागदोपत्री कुणाचं आडनाव आधी, कुणाच्या नावाला नुसती इनिशियल्स. ओळखपत्रावर आहे तसंच नाव प्रोफाइलमध्ये हवं. हे तारीख घेण्यापूर्वी दुरुस्त करा, परीक्षेच्या सकाळी ते होत नाही.

प्रश्न : एका ग्रुपवर ‘खरे प्रश्न’ म्हणून पीडीएफ विकत मिळते. घ्यावी का? (एक वाचक, मोहोळ)

नको. परीक्षेच्या नियमांत ते बसत नाही आणि पकडलं तर निकाल रद्द होतो. शिवाय अशा फायलींतली बरीच उत्तरं चुकीची असतात, काही तर २०२२ मध्ये बंद झालेल्या जुन्या डीए-१०० परीक्षेची. लर्नवर फुकट सराव परीक्षा आहे. ती सोडवा आणि प्रत्येक उत्तराखालचं स्पष्टीकरण वाचा, बरोबर आलेल्यांचंसुद्धा.

प्रश्न : सर्टिफिकेट किती दिवस चालतं? (एक वाचक, सांगोला)

एक वर्ष. संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाची खिडकी उघडते. ती चाचणी घरून, फुकट आणि निरीक्षकाशिवाय असते, नापास झालात तरी मुदतीच्या आत पुन्हा देता येते. मुदत उलटली तर मात्र पैसे भरून पूर्ण पीएल-३०० पुन्हा द्यावी लागते. म्हणून ज्या ईमेलवर सूचना येतात तो नोकरी बदलली की बंद पडणारा ठेवू नका.