ख्रिस्ती धर्मात मेंढपाळ हे काळजी घेण्याचं प्रतीक मानतात, पण माणसांना मेंढरं म्हणणं हा त्यांचा अपमान नाही का?

तुमचा आक्षेप रास्त आहे. मेंढरासारखं कुणाच्या मागे जाणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. तरीही बायबल वाचताना मला सतत जाणवत आलंय की हे प्रतीक मेंढरांना फारसं काही सुनावत नाही. त्याचा सगळा रोख मेंढपाळावर आहे.

'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे 23वं स्तोत्र बहुतेकांना माहीत असतं. मला ते अतिशय प्रिय आहे, पण या प्रतीकाची धार कळायला बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या (देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या) पुस्तकाचा 34वा अध्याय आधी वाचावा असं मी सांगेन. प्राचीन पश्चिम आशियात राजे स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेत. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) हम्मुराबी राजाने आपल्या कायद्यांच्या प्रस्तावनेत हेच बिरुद मिरवलं आहे. यहेज्केल हा इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून (जेरुसलेमहून) बाबेलला नेलेल्या बंदिवानांपैकी एक. पुढे यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, लोक देशोधडीला लागले. अशा वेळी त्याने राजांचं ते बिरुद उचललं आणि त्यावरूनच इस्राएलच्या पुढाऱ्यांना जाब विचारला.

तो म्हणतो, तुम्ही मेंढपाळ असून स्वतःचंच पोट भरलंत. मेंढरांचं दूध घेतलंत, लोकर पांघरलीत, पुष्ट मेंढरू पाहून कापलंत. पण दुबळ्याला बळ दिलं नाहीत, आजाऱ्याला बरं केलं नाहीत, मोडलेल्याला पट्टी बांधली नाहीत, भरकटलेल्याला परत आणलं नाहीत, हरवलेल्याला शोधलं नाहीत. उलट जुलूम केलात. काळजी घेणं म्हणजे काय, याची इतकी नेमकी यादी मला दुसरीकडे क्वचितच सापडली आहे. तिच्यात गोड भावना कुठेच नाही, सगळी कामं आहेत.

त्याच अध्यायात पुढे एक भाग येतो, त्याच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. देव मेंढरांमेंढरांतही न्याय करणार आहे. कारण धष्टपुष्ट मेंढरं चांगलं कुरण खाऊन उरलेलं पायाखाली तुडवतात, स्वच्छ पाणी पिऊन उरलेलं गढूळ करतात आणि अशक्तांना शिंगांनी ढकलून बाहेर काढतात. म्हणजे ज्याच्या हाती सत्ता नाही तोही काळजीच्या जबाबदारीतून सुटत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, येशू 'मी उत्तम मेंढपाळ आहे' म्हणतो (अध्याय 10), तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात ही सगळी पार्श्वभूमी असणारच. तिथे तो मेंढपाळ आणि मोलकरी यांतला फरक सांगतो. लांडगा दिसला की मोलकरी पळतो, कारण मेंढरं त्याची नसतात. मेंढपाळ आपला प्राण देतो. आणि तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तरही याच अध्यायात आहे. मेंढपाळ प्रत्येकाला नावाने हाक मारतो, मेंढरं त्याचा आवाज ओळखतात, आणि परक्याच्या मागे न जाता त्याच्यापासून पळतात. ही मेंढरं कुणाच्याही मागे जाणारी नाहीत. कोण आपलं भलं पाहतो आणि कोण नाही, हे त्यांना कळतं.

मरणातून पुन्हा उठल्यावर येशू आपला शिष्य पेत्र याला तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? आणि सांगतो, माझी मेंढरं पाळ. 'माझी' म्हणतो, ती पेत्राच्या मालकीची होत नाहीत. पेत्राच्या नावाच्या पहिल्या पत्रातही मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बजावलं आहे की कळपावर धनीपणा गाजवू नका. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या 7व्या अध्यायात तर कोकराच, म्हणजे येशूच, मेंढपाळ होतो. ज्याचा वध झाला तोच चारतो, तोच पाण्याच्या झऱ्यांकडे नेतो. या चित्रात मेंढपाळाला मेंढरांपेक्षा उच्च जातीचा मानायला जागाच उरत नाही.

रोमच्या भूमिगत दफनस्थळांत तिसऱ्या शतकातली चित्रं आहेत. त्यांत खांद्यावर मेंढरू घेतलेला, बिनदाढीचा तरुण मेंढपाळ पुन्हा पुन्हा दिसतो. क्रुसावरच्या येशूची चित्रं सर्रास दिसू लागली ती बरीच नंतर. छळाच्या काळात आपल्या मृतांना पुरताना त्या लोकांना हे चित्र जवळचं वाटलं, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

या प्रतीकाचा गैरवापर झाला आहे, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. 'तुम्ही मेंढरं, मुकाट्याने ऐका' असं म्हणणारे धर्मगुरू होऊन गेले, आजही आहेत, आणि त्यांच्या आडोशाला माणसांवर अन्याय झाले आहेत. असं बोलणाऱ्यापुढे यहेज्केलाचा 34वा अध्याय ठेवावा. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना सांगितलं की तुमच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा. लोकांपासून अंतर राखून पाळकपण होत नाही, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

तुम्ही धर्मगुरू नसाल, ख्रिस्तीही नसाल, पण आजारी आईवडील, विद्यार्थी किंवा रुग्ण असं कुणी तुमच्या भरवशावर असेल, तर यहेज्केलाची ती यादी तुम्हालाही वापरता येईल. मी कुणा आजाऱ्याला भेटायला जातो तेव्हा तीच मनाशी धरतो. याला आत्ता बळ हवंय, मलमपट्टी हवीय, की नुसतं कुणीतरी शोधत यायला हवंय? दर वेळी उत्तर वेगळं निघतं, आणि ते त्या माणसालाच विचारावं लागतं.