वाचकांचे प्रश्न: वेरा मुखिना आणि मॉस्कोचा स्टीलचा पुतळा

सोव्हिएत स्मारकांबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले बहुतेक एकाच पुतळ्याभोवती फिरतात, म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देतेय.

प्रश्न: जुन्या रशियन सिनेमांच्या सुरुवातीला हातोडा आणि विळा उंच धरलेले एक पुरुष नि एक बाई दिसतात. तो पुतळा खरंच आहे का? कोणी केला? (सांगली)

आहे ना, मॉस्कोत आजही उभा आहे! 'कामगार आणि सामुदायिक शेतीवरची बाई' असं त्याचं नाव, आणि 1947 पासून मोसफिल्म स्टुडिओने तो आपली खूण म्हणून वापरला. करणाऱ्या बाई वेरा मुखिना. पण तो मुळात मॉस्कोसाठी केलेलाच नव्हता, 1937 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला. सोव्हिएत मंडप बोरिस योफान या आर्किटेक्टचा, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी इमारत आणि टोकावर पुढे झेपावणारी जोडी ही कल्पना त्याचीच, मग पुतळ्यासाठी शिल्पकारांची स्पर्धा झाली आणि त्यात मुखिनाबाईंचं मॉडेल निवडलं गेलं. स्पर्धेत इवान शाद्र नावाचा मोठा शिल्पकारही होता, तो पुढे परत येईल.

पॅरिसमध्ये अगदी समोरासमोर हिटलरच्या जर्मनीचा मंडप होता, आल्बर्ट श्पेअरने केलेला, वर गरुड. श्पेअरने नंतर आठवणींत लिहिलंय की सोव्हिएत मंडपाचं गुप्त स्केच त्याच्या नजरेस पडलं आणि ही झेप अडवल्यासारखी दिसावी म्हणून त्याने आपली इमारत तशी भक्कम उभी केली. सुवर्णपदक शेवटी दोन्ही मंडपांना मिळालं.

प्रश्न: एवढा मोठा पुतळा ओतला कसा? ब्राँझचा आहे का? (पिंपरी)

ओतलेला नाहीच, आणि माझ्या मते खरी कमाल इथेच आहे. 24 मीटरपेक्षा उंच पुतळा, आतमध्ये लोखंडी सांगाडा आणि वरून स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. असलं काम स्टीलमध्ये तोवर कोणी केलेलं नव्हतं. प्योत्र ल्वोव नावाच्या इंजिनीयरने स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिकठिकाणी विजेने ठिपक्यासारखा टाका देऊन, पत्रे जोडायची पद्धत आणली. बाईंचं मॉडेल होतं दीड मीटरच्या आसपास, ते पंधरा पट मोठं करायचं म्हणून लाकडाचे प्रचंड साचे केले, तेही उलटे, म्हणजे आतून कोरलेले, आणि पत्रा त्या खोलगट साच्यात ठोकून ठोकून आकाराला आणायचा. आता विचार करा, सुतार साच्याच्या आत उतरून काम करतायत आणि बाईंना नाकाची किंवा कपड्याच्या घडीची चूक उलट्या बाजूने बघून ओळखायचीय! कारण उजवं डावीकडे, उंचवटा म्हणजे खड्डा. हे सगळं साधारण साडेतीन महिन्यांत, 1936-37 च्या मॉस्कोच्या हिवाळ्यात. मग तुकडे सुटे करून रेल्वेने पॅरिसला नेले.

मागे उडणारं ते लांबलचक कापड, आपल्या उपरण्यासारखं, त्यावर कमिटीने बराच वाद घातला, कशाला हवंय म्हणून. बाई मागे हटल्या नाहीत. साडेपाच टनांचं ते कापड हवेत आडवं तोलून धरणं म्हणजे इंजिनीयरांचं डोकं खाणारं काम, पण ते काढलं तर उरतात नुसती उभी दोन माणसं, वेग सगळा त्या कापडात आहे, खालच्या इमारतीची आडवी रेष पुतळ्यात वर जाते ती पण त्यातूनच. मी तर म्हणेन पुतळ्याचा जीव तिथेच आहे.

प्रश्न: बाई त्या काळात एवढ्या मोठ्या कामापर्यंत पोचल्या कशा? (कोल्हापूर)

जन्म 1889, रीगा, व्यापारी घराणं. आई क्षयाने लवकर गेली, वडील मुलींना घेऊन क्रिमियातल्या फिओदोसियाला राहिले, मग तेही गेले. 1912 मध्ये बर्फावरच्या गाडीचा अपघात होऊन चेहऱ्याला, नाकाला भयंकर इजा झाली, ऑपरेशन्स झाली. त्यानंतर पॅरिसला जायला मिळालं आणि तिथे अँत्वान बुर्देल या शिल्पकाराच्या हाताखाली शिकल्या. महायुद्ध लागल्यावर घरी येऊन जखमींची शुश्रूषा केली, 1918 मध्ये डॉक्टर अलेक्सेई झामकोवशी लग्न. पोटासाठी काय काय केलं, नाटकाचे कपडे, पोस्टरं, आणि नादेझ्दा लामानोवा या शिवणकामातल्या उस्ताद बाईंबरोबर जाड्याभरड्या कापडाचे कपडे केले ज्यांना 1925 ला पॅरिसमध्ये बक्षीस मिळालं. 1927 ची 'शेतकरीण' बघा कधी, हाताची घडी घालून जाड पायांवर रोवून उभी असलेली बाई, तिने मुखिनांचं नाव झालं. 1930 मध्ये नवऱ्याला अटक झाली तेव्हा त्याच्याबरोबर व्होरोनेझला हद्दपारीत राहिल्या. लेखक मॅक्सिम गॉर्कीच्या खटपटीने परत आल्या. म्हणजे पॅरिसचं काम हातात आलं तेव्हा हे सगळं सोसून झालेलं होतं.

प्रश्न: रशियातला तो पैलू पाडलेला काचेचा ग्लास त्यांनीच डिझाइन केला म्हणतात, खरं का? (दादर)

प्रसिद्ध समजूत आहे, कागदोपत्री पुरावा नाही. काचेत त्यांनी काम केलं होतं एवढं मात्र नक्की.

प्रश्न: पॅरिसनंतर त्यांना मोठी कामं मिळाली असतील ना? मॉस्कोला गेलो तर काय बघू? (ठाणे)

पाच वेळा स्टालिन पुरस्कार मिळाला, पण मोकळा हात नाही मिळाला, हे मला फार लागतं. पॅरिसहून परत आणलेला पुतळा 1939 मध्ये मॉस्कोच्या शेती प्रदर्शनाच्या प्रवेशाजवळ उभा केला तो बुटक्या चौथऱ्यावर, मूळ उंचीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावर. बाई त्या चौथऱ्याला खोडका म्हणायच्या. त्यांना तो मॉस्क्वा नदीकाठी उघड्यावर हवा होता. पॅरिसच्या इमारतीइतका उंच चौथरा मिळाला तो 2009 मध्ये, पुतळा सुटा करून कित्येक वर्षं दुरुस्ती चालली त्यानंतर.

बेलोरुस्की स्टेशनजवळचा गॉर्कीचा पुतळा मुळात शाद्रचा, शाद्र 1941 मध्ये गेला, आणि एकेकाळच्या या प्रतिस्पर्ध्याचं अर्धवट काम मुखिनाबाईंनी पुरं केलं, 1951 मध्ये. त्यांचं स्वतःचं, संगीतकार चायकोव्हस्कीचं स्मारक मात्र कमिट्यांमध्ये वर्षानुवर्षं अडकलं, त्यात एक गुराखी होता तो काढायला लावला. बाई 1953 च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या, स्मारक उभं राहिलं 1954 ला, त्यांच्या सहकारी झेलेन्स्काया आणि इवानोवा यांनी शेवटाला नेलं. या दोघी पॅरिसच्या पुतळ्यावरही त्यांच्यासोबत होत्या.

तर मेट्रोने वेदेनखा स्टेशनला उतरून मोठा पुतळा बघा, लांबून आधी, मागच्या बाजूने नक्की. मग कॉन्झर्वेटरीपाशी, म्हणजे तिथल्या संगीत महाविद्यालयापाशी, चायकोव्हस्कीला जा आणि घाई करू नका, भोवतीच्या ब्राँझच्या कठड्यात त्याच्याच रचनांचं नोटेशन बसवलंय, कोणी संगीत वाचणारं सोबत असेल तर त्याला वाचायला सांगा.