ईसी कॉमिक्स शिकायचेत? आधी अक्षरं बघा

ईसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाच्या भयकथांचा (१९५० ते ५५) अभ्यास करायचा असेल, तर चित्रांआधी मजकुराच्या चौकटी बघा. संपादक-लेखक अल फेल्डस्टीन मजकूर थेट चित्राच्या बोर्डावर लिहायचे, मग लेरॉय नावाच्या, अक्षरं आखायच्या साच्याने ती काढली जायची आणि त्यानंतरच बोर्ड चित्रकाराकडे जायचा. म्हणून कित्येक चौकटींत वरचा अर्धा भाग अक्षरांनी व्यापलेला आणि माणसं खाली दाटीवाटीने उभी. नवशिके ही दाटी शैली समजून उचलतात. ती अडचण होती. चित्रकाराने तिच्यातून वाट कशी काढली, ते शिका.

ईसीचे चित्रकार ग्रॅहम इंगल्स यांचं एखादं पान घ्या: ओघळणारी लाळ, सुरकुत्या, सडकं लाकूड, सगळं एकाच थरथरत्या ब्रशने. शेजारी तिथलेच चित्रकार जॉनी क्रेग यांचं पान ठेवा. स्वच्छ रेषा, काळ्याचे सपाट भाग. क्रेग आपल्या बहुतेक कथा स्वतःच लिहीत, त्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांचे पाय ओढत नाहीत. सुरुवात त्यांच्यापासूनच करा.

सरावाला सात-आठ पानांची एक कथा पुरे. मजकूर कागदाने झाका आणि नुसत्या चित्रांवरून गोष्ट कळते का बघा. अडेल तिथे ती चौकट पेन्सिलीने नव्याने मांडा. रंगांचा अंदाज मात्र चकचकीत पुनर्मुद्रणावरून बांधू नका, तिथे ते भडक दिसतात.