ऑफलाइन क्लस्टर: नोडवर इमेज टाकून भागत नाही, रजिस्ट्री उभी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबड एमआयडीसीतल्या प्लांटमध्ये तीन नोडचं (मशीनचं) कुबरनेटीस क्लस्टर, म्हणजे कंटेनर चालवणारी यंत्रणा आहे, इंटरनेट नाही. कॉलेज रोडच्या ऑफिसातून पेनड्राइव्हवर इमेजच्या (कंटेनर ज्यातून सुरू होतो त्या पॅकेजच्या) टार फाइली नेऊन प्रत्येक नोडवर सीटीआर या कमांडने इम्पोर्ट केल्या. काही आठवडे सुरळीत चाललं, मग एक पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) दुसऱ्या नोडवर गेला आणि इमेजपुलबॅकऑफ, म्हणजे इमेज आणता येत नसल्याची एरर. इमेज गेली कुठे?

बहुधा क्यूबलेटनेच (प्रत्येक नोडवर पॉड सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) काढली. इमेजच्या डिस्कचा वापर ८५ टक्क्यांच्या वर गेला की तो ८० टक्क्यांवर येईपर्यंत वापरात नसलेल्या इमेज पुसत जातो. ही मूळ सेटिंग आहे. पुसलेली इमेज पुन्हा लागली तर आणता येईल, हे त्यात गृहीत धरलेलं असतं आणि तुमच्याकडे नेमकं तेच होत नाही. मर्यादा वाढवून फक्त दिवस पुढे ढकलाल. प्लांटच्या आतच रजिस्ट्री, म्हणजे इमेज साठवून नोडना पुरवणारा सर्व्हर हवा.

ती क्लस्टरच्या बाहेर, वेगळ्या मशीनवर ठेवा. आत ठेवली तर वीज जाऊन सगळं एकदम बंद पडल्यावर रजिस्ट्रीची स्वतःची इमेज कुठून यायची? तीन नोडना साधी डिस्ट्रिब्युशन रजिस्ट्री पुरते. अनेक टीम, वेगवेगळे हक्क, स्कॅनिंग असं काही असेल तर हार्बर घ्या, त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: यामल (कुबरनेटीसच्या कॉन्फिग) फाइलींमधली इमेजची नावं बदलत बसू नका. हेल्म चार्ट, ऑपरेटर, इनिट कंटेनर अशा कुठेतरी एखादं नाव राहतंच. त्याऐवजी कंटेनरडीला (नोडवर इमेज आणून कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामला) मिरर, म्हणजे मूळ रजिस्ट्रीऐवजी वापरायचा पत्ता सांगा. सर्ट्स डॉट डी फोल्डरमध्ये डॉकर डॉट आयओ नावाचा फोल्डर, त्यात होस्ट्स डॉट टॉमल, त्यात तुमच्या रजिस्ट्रीचा पत्ता आणि सीएचं (तिच्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याचं) सर्टिफिकेट. मुख्य कॉन्फिगमध्ये कॉन्फिग पाथ या फोल्डरकडे वळवून कंटेनरडी एकदा रीस्टार्ट करा. नंतर होस्ट्स फाइल बदलली तरी रीस्टार्ट लागत नाही. नुसतं ‘एनजिनएक्स’ लिहिलेली इमेज खरं तर ‘लायब्ररी’खाली असते, तेव्हा रजिस्ट्रीतही ती त्याच मार्गावर चढवा.

रजिस्ट्री डॉट के८एस डॉट आयओचा फोल्डरही विसरू नका. प्रत्येक पॉडला लागणारी पॉज इमेज तिथूनच येते आणि ती तुमच्या एकाही यामलमध्ये दिसत नाही. नवा नोड जोडला की पहिला अडथळा तिचाच.

इमेज नेताना डॉकर सेव्हऐवजी स्कोपिओ हे इमेज कॉपी करणारं टूल वापरा, ‘ऑल’ पर्यायासह. सगळ्या आर्किटेक्चरच्या इमेज येतात आणि डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून बनणारा हॅश) तोच राहतो; डायजेस्टने पिन केलेल्या इमेजना ते हवंच. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसणार नाही, एक्सफॅट करून घ्या. आणि ‘लेटेस्ट’ टॅग (इमेजच्या नावापुढची आवृत्तीची खूण) इथे अजिबात नको. टॅग लेटेस्ट असला किंवा दिलाच नसला तर पुल पॉलिसी (इमेज कधी आणायची याचा नियम) आपोआप ‘ऑल्वेज’ होते, म्हणजे इमेज नोडवर असली तरी पॉड सुरू होताना रजिस्ट्रीला विचारणा होतेच.

रजिस्ट्रीच्या सर्टिफिकेटमध्ये होस्टचं नाव सॅनमध्ये (सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम या रकान्यात) असू द्या, आयपीने जोडत असाल तर आयपीही. नुसतं कॉमन नेम चालत नाही. शिवाय आत एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) नसेल तर नोडची घड्याळं सरकतात आणि चांगलं सर्टिफिकेटही ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारलं जातं. प्लांटमधल्याच एका मशीनवर एनटीपी चालू करा.

सगळं झालं की एका नोडवरून एखादी इमेज मुद्दाम काढा आणि क्रिक्टल या कमांडने पुल करा. सीटीआरने तपासू नका: होस्ट्स-डिर पर्याय दिल्याशिवाय तो हा मिरर बघतच नाही, आणि बरोबर केलेलं कामही चुकलंय असं वाटतं.