निवृत्तीचा कॅल्क्युलेटर तपासणाऱ्या तरुण सहकाऱ्यास पत्र

प्रिय सहकाऱ्यास,

निवृत्ती नियोजनाच्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर अभिप्राय द्यायचं काम तुझ्याकडे आलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. ‘छान आहे’, ‘आकडे पटत नाहीत’, ‘रंग फिका वाटतो’ अशा ओळींतून तो बनवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तुला दिसलेली चूक त्याच्या स्क्रीनवर जशीच्या तशी दिसली पाहिजे, आणि उत्तर किती यायला हवं होतं व कशावरून, हे त्याला कळलं पाहिजे. या दोन गोष्टी मिळाल्या की दुरुस्तीचं अर्धं काम होतं.

स्वतःचा पगार आणि बचत टाकून सुरुवात करू नकोस. लक्ष हिशेबावरून आपल्याच काळजीकडे वळतं, आणि स्क्रीनशॉटमधून खासगी माहिती बाहेर जाते ती वेगळीच. एक काल्पनिक माणूस ठरव: वय 35, निवृत्ती 60 व्या वर्षी, आयुष्य 85 पर्यंत, आजचा घरखर्च महिना 50,000 रुपये, हाताशी शिल्लक काही नाही. शेवटपर्यंत हाच माणूस ठेव आणि एका वेळी एकच आकडा बदल. दोन आकडे एकदम बदलले तर बिघाड कशाने झाला ते सांगता येत नाही.

आधी महागाई 0 आणि परतावाही 0 ठेव. मग निवृत्तीच्या दिवशी हाताशी किती रक्कम हवी याचा तोंडी सुटणारा हिशेब उरतो: 50,000 गुणिले 12 महिने गुणिले 25 वर्षं, म्हणजे 1,50,00,000 रुपये. उत्तर 1,56,00,000 आलं तर 60 आणि 85 ही दोन्ही वर्षं धरून 26 वर्षं मोजली गेली आहेत. 15,000 आलं तर ‘50,000’ मधल्या स्वल्पविरामापाशी वाचन थांबलं आणि खर्च 50 रुपये धरला गेला. हाच खर्च मराठी कीबोर्डवरून ‘५०,०००’ असा टाकूनही बघ. मराठी आवृत्तीने देवनागरी अंक नाकारले, तर ज्यांच्यासाठी ती केली तेच पहिल्या चौकटीत अडतात.

आता परतावा 6 टक्के आणि महागाईही 6 टक्के ठेव. ही चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. आजचे 50,000 पंचवीस वर्षांनी साधारण 2,14,600 होतात, म्हणजे निवृत्तीच्या पहिल्या वर्षीचा खर्च 25.75 लाख. पैसा जेवढा वाढतो तेवढाच खर्च वाढत असल्याने 25 वर्षांसाठी त्याच्या 25 पट रक्कम लागते: सुमारे 6 कोटी 44 लाख. पैसे दरमहा काढायचे धरले असतील तर उत्तर थोडं इकडेतिकडे होईल, ते चालेल. पण 3 कोटी 49 लाखांच्या आसपास आकडा दिसला तर निवृत्तीच्या दिवसापर्यंतच महागाई धरली आहे आणि पुढची 25 वर्षं खर्च तेवढाच राहील असं मानलं आहे. तो आकडा खरा मानून बचत करणाऱ्याचे पैसे वयाची 73 वर्षं पूर्ण झाल्यावर सहा-सात महिन्यांत संपतील. त्या वयात नव्याने कमावणं बहुतेकांना शक्य नसतं. म्हणून ही चूक सापडली तर ती अहवालात सर्वांत वर जायला हवी. बटणं आणि रंग थांबू शकतात.

याच चाचणीत कधी उत्तराच्या जागी रिकामी चौकट दिसते. परतावा आणि महागाई समान झाली की नेहमीच्या सूत्रातला भाजक शून्य होतो आणि ती शक्यता कोडमध्ये हाताळलेली नसते. तेही लिहून ठेव आणि परतावा 6.01 करून पुढे जा.

एसआयपीच्या, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याच्या, भागात वार्षिक दराचा मासिक दर कसा केला ते पाहा. महिना 10,000 रुपये, 30 वर्षं, 12 टक्के. बाराला बाराने भागून महिन्याला 1 टक्का धरला तर सुमारे 3 कोटी 53 लाख येतात. वर्षाअखेर बरोबर 12 टक्के भरतील असा मासिक दर, म्हणजे साधारण 0.949 टक्के, धरला तर 3 कोटी 8 लाख. फरक 45 लाखांचा. पहिल्या पद्धतीत वर्षाचा खरा परतावा 12.68 टक्के पडतो. इथे ‘चूक’ असा शिक्का मारण्यापेक्षा कोणती पद्धत वापरली ते स्क्रीनवर लिहा, आणि ‘वार्षिक परतावा’ असं म्हणत असाल तर दुसरी वापरा, असं सुचव.

पगारदारांसाठीच्या कॅल्क्युलेटरमध्ये पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) हमखास फसतो. कर्मचाऱ्याचे 12 आणि मालकाचे 12 असे 24 टक्के सरसकट पीएफमध्ये जमा दाखवले जातात. पण कर्मचारी पेन्शन योजनेच्या सदस्याच्या बाबतीत मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शनकडे वळतात, आणि त्यासाठीची वेतनमर्यादा सप्टेंबर 2014 पासून 15,000 रुपये आहे. बेसिक (मूळ वेतन) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 40,000 असतील तर दोन्ही बाजूंचे 4,800 धरून 9,600 होतात. त्यातले 1,250 (15,000 चे 8.33 टक्के) पेन्शनला जातात आणि पीएफमध्ये 8,350 पडतात. उलट, त्या तारखेनंतर 15,000 पेक्षा जास्त मूळ वेतनावर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्याला पेन्शन योजना लागू नाही, त्याचे पूर्ण 9,600 पीएफमध्येच जातात. म्हणून ‘पेन्शन योजनेचे सदस्य आहात का?’ हा एक प्रश्न वाढवा, एवढी मागणी पुरे.

अहवाल लिहिताना एका चुकीला एक अहवाल. पाच चुका एकाच मजकुरात कोंबल्या तर त्यातल्या दोन दुरुस्त होतात आणि बाकीच्या हरवतात. नमुना असा:

‘निवृत्तीनंतर महागाई धरली जात नाही. वय 35, निवृत्ती 60, आयुर्मान 85, खर्च महिना 50,000, परतावा 6, महागाई 6, सध्याची बचत 0. दिसलेलं उत्तर 3 कोटी 49 लाख. अपेक्षित सुमारे 6 कोटी 44 लाख: 60 व्या वर्षीचा वार्षिक खर्च 25.75 लाख गुणिले 25. आयुर्मान 61 केल्यास उत्तर बरोबर येतं, पुढे वर्षागणिक फरक वाढत जातो.’

शेवटचं वाक्य लहान असलं तरी फार कामाचं आहे. चूक कुठे होत नाही ते सांगितलं की शोधायची जागा निम्म्याने कमी होते. सोबत तारीख, फोन की संगणक, कोणता ब्राउझर, आणि भरलेल्या सर्व चौकटी दिसतील असा स्क्रीनशॉट जोड. फक्त उत्तराचा फोटो पाठवू नकोस.

चूक आणि गृहीतक यांची गल्लत होऊ देऊ नकोस. निवृत्तीनंतर 12 टक्के परतावा धरणं मला धाडसाचं वाटतं, पण तो गणिताचा दोष नाही. तिथे ‘हा आकडा वापरणाऱ्याला बदलता यावा आणि आधीपासून भरलेला आकडा कमी ठेवावा’ असं लिही. आधीपासून भरलेल्या आकड्यांकडे मात्र बारकाईने बघ, कारण बरेच जण त्यांना हात न लावता थेट उत्तर पाहतात. आयुर्मानाची पट्टी 80 ला संपते का? जोडीदाराचं वय विचारलं आहे का? पत्नी सहा वर्षांनी लहान असेल तर पैसे पतीच्या 85 नंतरही पुरायला हवेत. ‘सध्याचा खर्च’ महिन्याचा की वर्षाचा, एकट्याचा की घराचा, हे चौकटीशेजारीच लिहिलेलं हवं.

उत्तर 6,43,78,061 असं रुपयापर्यंत दाखवलं असेल तर महागाईचे तीन वेगळे दर धरून तीन उत्तरं शेजारी शेजारी दाखवायला सुचव. आजचे 50,000 पंचवीस वर्षांनी 5 टक्के महागाईने 1.69 लाख होतात, 7 टक्क्यांनी 2.71 लाख. हे अंतर डोळ्यांसमोर आलं की माणूस त्या एका आकड्याला चिकटून बसत नाही.

भाषा साधी ठेव. ‘एवढंही कळत नाही का’ असा सूर आला की समोरचा बचावाला उतरतो आणि दुरुस्ती लांबते. जे चांगलं जमलं आहे ते नेमकं सांग, म्हणजे पुढच्या बदलात ते चुकून काढलं जाणार नाही.

दुरुस्ती झाल्याचा निरोप आला की त्याच माणसाचे तेच आकडे टाकून सगळ्या चाचण्या पुन्हा कर, फक्त दुरुस्त झालेली नव्हे. महागाई नीट बसवताना वर्षांची मोजणी बिघडणं नेहमीचंच आहे, म्हणून शून्याची चाचणी आधी घे. पहिला अहवाल लिहून झाला की पाठवण्यापूर्वी मला दाखव. आकडे दोघं मिळून एकदा ताडून पाहू.

सस्नेह.