निवृत्त अधिकाऱ्याला समितीपुढे साक्ष द्यावी लागते काय?

प्रश्न : आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातील गाळ पाच वर्षांपूर्वी लघु सिंचन विभागाने काढल्याचे कागदोपत्री दिसते. प्रत्यक्षात पाळीलगतचा थोडा भाग तेवढा उकरला गेला आणि धान निसवण्याच्या वेळी तलावाने तळ गाठलेला असतो. विधिमंडळाच्या पंचायती राज समितीच्या दौऱ्यात हा विषय निघाला, तेव्हा सध्याच्या अधिकाऱ्यांनी 'त्या वेळी मी येथे नव्हतो' असे उत्तर दिल्याचे आमच्या कानी आले. ज्यांच्या सहीने देयक निघाले ते अभियंता निवृत्त होऊन नागपुरात राहतात. आमदारांची समिती त्यांना साक्षीला बोलावू शकते काय? ते आलेच नाहीत तर?
(एक धान उत्पादक, पूर्व विदर्भ)

उत्तर : बोलावू शकते. विधिमंडळाच्या समित्यांना व्यक्ती, कागदपत्रे आणि अभिलेख मागवण्याचा अधिकार आहे आणि त्यातील 'व्यक्ती' या शब्दाला सेवेत असण्याची अट जोडलेली नाही. हा अधिकार ज्या विशेषाधिकारांवर उभा आहे ते राज्यघटनेच्या अनुच्छेद 194 मधून येतात. सभागृहाची सदस्य नसलेली व्यक्तीही समितीच्या बोलावण्याला बांधील असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिल्ली विधानसभेच्या एका समितीसंबंधीच्या प्रकरणात मान्य केले. मात्र सभागृहाच्या अधिकारकक्षेबाहेरच्या विषयावर उत्तर देण्याची सक्ती करता येणार नाही, असेही न्यायालयाने त्याच निकालात बजावले. आपल्या तलावाला ही मर्यादा आड येत नाही, कारण सिंचन हा राज्याचाच विषय आहे.

बोलावूनही साक्षीदार आला नाही, तर समिती स्वतः शिक्षा करीत नाही. ती बाब विशेषाधिकारभंग म्हणून सभागृहापुढे जाते आणि निर्णय सभागृह घेते. सेवानिवृत्ती तेथे ढाल ठरत नाही. साक्षीचा नसला तरी विशेषाधिकारभंगाचाच एक दाखला पाहा : 2004 मधील एका घटनेबद्दल उत्तर प्रदेश विधानसभेने मार्च 2023 मध्ये सहा जणांना मध्यरात्रीपर्यंतच्या कोठडीची शिक्षा दिली, आणि त्यांतील एक अधिकारी तोवर निवृत्त झालेले होते.

तरीही निवृत्तांना क्वचितच बोलावले जाते, आणि त्याचे कारण समित्यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. पंचायती राज समिती लेखापरीक्षणातील आक्षेप समोर ठेवून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेते. ही साक्ष खुर्चीची असते, माणसाची नव्हे. म्हणूनच 'मी तेव्हा नव्हतो' हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही, कारण कार्यालय तर तेव्हाही होते. माजी पदाधिकाऱ्याने लेखी म्हणणे देण्याचाही मार्ग आहे. संसदेच्या अंदाज समितीने विचारणा केल्यावर रघुराम राजन यांनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद सोडल्यानंतर, 2018 मध्ये, बुडीत कर्जांविषयी सविस्तर टिपण पाठवले होते.

येथे एक गल्लत टाळावी. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधील नियम 27 प्रमाणे, सेवेत असताना सुरू न झालेली विभागीय चौकशी निवृत्तीनंतर काढायची तर शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांहून जुनी चालत नाही. आपले प्रकरण पाच वर्षांपूर्वीचे असल्याने, सेवेत असताना चौकशी लागलेली नसेल, तर तो दरवाजा बंद झाला असे समजावे. परंतु ही मुदत चौकशीची आहे, साक्षीची नव्हे. गावोगावचे 'आता काही होत नाही' हे पालुपद बहुधा या दोन गोष्टी एकत्र केल्यामुळेच ऐकू येते.

आमचे मत विचाराल, तर माणसाआधी मोजमाप पुस्तिका मागवावी. तिच्यात लांबी, रुंदी, खोली आणि काढलेल्या गाळाचे घनमीटर लिहिलेले असतात, खाली मोजणाऱ्याची सही आणि तारीख असते. ती तारीख ऐन पावसाळ्यातील, तलाव भरलेला असतानाची निघाली, तर पाण्याखालची खोली कशी मोजली, हा प्रश्न ज्याची सही आहे त्यालाच विचारावा लागतो. मग त्या व्यक्तीला बोलावण्याची मागणी नाकारणे समितीलाही अवघड जाते. त्या पानांची प्रत माहिती अधिकारात मिळवावी, गाळ काढण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पातळ्यांची नोंद सोबत मागावी, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापूर्वी आपल्या आमदारांमार्फत समितीकडे अर्ज द्यावा. अर्जात 'संबंधितांना बोलवावे' असे मोघम लिहू नये. पदनाम, कामाचे नाव, देयकाची तारीख आणि पुस्तिकेचा पान क्रमांक द्यावा.