अमेरिकन चित्रकार साय ट्वोम्ब्लीची ग्रीक पुराणकथांवरची चित्रं म्हणजे नुसतं गिरगटणं नाही का?

गिरगटणं आहेच. पेन्सिल, क्रेयॉन, हाताने फासलेला रंग, मध्येच खोडून टाकलेलं अक्षर. फक्त तो काय गिरगटतोय, ते वाचायला हवं.

पौराणिक चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रविवर्मा येतो. प्रसंग ठरलेला, पात्रं बघताक्षणी ओळखू येणारी. युरोपातही शतकानुशतकं हेच चाललं होतं. व्हर्जिनियात 1928 साली जन्मलेला आणि 1957 मध्ये इटलीत जाऊन राहिलेला ट्वोम्ब्ली प्रसंग रंगवतच नाही.

मी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमधली त्याची ‘फिफ्टी डेज ॲट इलियाम’ ही 1978 सालची दहा प्रचंड चित्रं मला सहज बघता येतात. विषय होमरचं ‘इलियड’, म्हणजे ग्रीक आणि ट्रॉयवाले यांच्या युद्धाचं प्राचीन ग्रीक महाकाव्य. सुरुवातीलाच ग्रीकांचा महावीर अकिलीस याची ढाल लागते. होमरने त्या ढालीवर शहरं, लग्नाच्या वराती, नांगरणी, द्राक्षांचे मळे असं अख्खं जग कोरलंय. ट्वोम्ब्लीकडे नुसत्या गरगरणाऱ्या रेषा. बाकीची नऊ चित्रं पुढच्या दालनात आहेत, एका बाजूला ग्रीक आणि त्यांच्यासमोर ट्रॉयवाले. वीरांचे चेहरे शोधू नका, सापडणार नाहीत. आहेत ती नावं, शाळकरी पोराने डाव्या हाताने लिहावीत तशी. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात जहाजांची आणि सरदारांची लांबलचक यादी येते. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे पळतात (मीही पळाले होते), ट्वोम्ब्ली मात्र तिथेच रेंगाळल्यासारखा वाटतो. त्याच्यासाठी नाव उच्चारलं की माणूस हजर झाला.

एका चित्रात अकिलीस, पॅट्रोक्लस आणि हेक्टर यांच्या छाया आहेत. मित्राच्या मरणाने पिसाळलेला, तो मेलेला मित्र आणि ज्याच्यावर सूड उगवला तो, तिघंही ढगांसारखे पुंजके. एवढ्या रक्तपातानंतर कोण कुठल्या बाजूचा, याला फारसा अर्थ उरत नाही. मला तरी हे एखाद्या तपशीलवार युद्धचित्रापेक्षा जास्त भिडतं.

झुरिकच्या कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयातलं ‘अकिलीसचा सूड’ (1962) त्याहून थेट आहे. सुमारे 3 मीटर उंच कॅनव्हासवर रोमन लिपीतल्या ‘ए’सारखा एकच निमुळता आकार आणि त्याचं टोक लाल. अकिलीसचं आद्याक्षर तेच आणि त्याचा भालाही तोच.

सगळंच जमलंय असं नाही. त्याच वर्षीचं ‘लीडा अँड द स्वान’ न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. ग्रीक देवांचा राजा झ्यूस हंसाचं रूप घेऊन लीडा या राणीवर बलात्कार करतो, ती कथा. तिथे रेषांच्या झटापटीत बदामाचे आकारही आहेत. हिंसा जाणवते, पण त्यात लीडा कुठेच नाही, सगळा कॅनव्हास झ्यूसच्या मस्तीने व्यापलेला. लोक या चित्राचं फार कौतुक करतात, मला ते खटकतं.

आणि कथा माहीत नसेल तर ही चित्रं फारसं काही देत नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. फिलाडेल्फियाला जाणार असाल तर ‘इलियड’चे निदान सोळावा, बाविसावा आणि चोविसावा हे सर्ग वाचून जा. भाषांतर कुठलंही चालेल.